पन्हाळ्याची रात्र आणि माझं चुकलेलं घड्याळ

माझ्या फील्डवर्कच्या वहीत एक नोंद आहे. जागा मसाई पठार, तिथी आषाढ पौर्णिमा, वेळ रात्रीचे दोन. खाली लिहिलंय: 'पाऊस आहे, चिखल आहे, तरी थकवा फारसा नाही. रात्रीच्या वाटचालीच्या त्रासाचं वर्णन नंतरच्या लेखकांनी वाढवून केलेलं दिसतं.' शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या आहेत.

ही नोंद साफ चुकीची आहे. ती चुकीची कशी आहे हे मला बऱ्याच उशिरा कळलं आणि ते कळताना संशोधनाबद्दल थोडं शिकायला मिळालं, म्हणून हा लेख. तुमच्यापैकी काहीजण पीएच.डी.चा अर्ज भरताय, काहीजणांना परदेशातल्या अभिलेखागारात जायची संधी मिळेल. विमानप्रवास, झोप आणि जेट लॅग याबद्दल तुम्ही विचारत असता. त्याचं उत्तर मी पन्हाळ्यावरून देणार आहे.

आधी त्या रात्रीची हकीगत. शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले, त्या वाटेचा पहिला टप्पा रात्री चालून बघायचा असं मी ठरवलं होतं. राजदिंडीतून उतरायचं, मसाई पठार ओलांडायचं, पुढे जमेल तेवढं जायचं. सोबत दोन मित्र आणि वाट दाखवायला पायथ्याच्या वाडीतले एक मामा. मी लंडनहून आदल्या दिवशी सकाळी मुंबईत उतरलो होतो, रात्रीच्या गाडीने कोल्हापूर गाठलं आणि संध्याकाळी पन्हाळ्यावर. आषाढ पौर्णिमा चुकवायची नव्हती, नाहीतर वर्षभर थांबावं लागलं असतं.

रात्री दोन वाजता मी एकदम ताजातवाना. मामा मात्र जांभया देत होते. म्हणाले, "पावणं, टेकूया का जरा? डोळं मिटाय लागल्यात." मला मनातल्या मनात आश्चर्य वाटलं. डोंगरातला माणूस, रोजची चाल, आणि पुस्तकी पोराच्या आधी थकतो? त्यांनी दिवसभर चिखलात उभं राहून भाताची रोपलावण केली होती हे मला माहीत होतं, पण मी ते हिशोबात धरलं नाही.

आता घड्याळ बघू. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. पन्हाळ्यावर रात्रीचे दोन म्हणजे लंडनमध्ये आदल्या संध्याकाळचे साडेनऊ. पाच आठवडे तिथे राहिल्यामुळे माझं शरीर लंडनच्या वेळेला लागलेलं होतं आणि परतल्यावरच्या एका दिवसात ते फार तर तासभर पुढे सरकलं असेल. म्हणजे माझ्या शरीराच्या लेखी साडेदहा वाजले होते. मी रात्री दोनला चालत नव्हतोच. मी जेवण झाल्यावर शतपावली करत होतो! आणि त्या शतपावलीच्या जोरावर १६६० सालच्या माणसांच्या थकव्याबद्दल मत ठोकून दिलं होतं.

इथून पुढे प्रश्न सुरू होतो. मुक्कामाला परत आल्यावर एका मित्राने गमतीत विचारलं, "मावळ्यांना पण जेट लॅग आला असेल काय रे?" सगळे हसले. पण हा प्रश्न गंभीरपणे घेतला तर त्याचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि 'नाही' का, हे नीट सांगता यायला हवं.

आपण 'थकवा' या एकाच शब्दात तीन वेगळ्या गोष्टी भरतो. झोपेच्या अभ्यासात १९८२ पासून आलेक्झांडर बोर्बेली यांची एक मांडणी वापरली जाते. तिच्यानुसार झोप दोन गोष्टींनी ठरते. एक म्हणजे जागरणाचं ओझं. जितका वेळ जागे, तितकं ते साठत जातं आणि झोपलं की उतरतं. दुसरं म्हणजे आतलं घड्याळ, जे तुम्ही झोपा न झोपा, साधारण चोवीस तासांत एक फेरी मारतं आणि पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराला सगळ्यात खाली आणतं. शरीराचं तापमान तेव्हा सर्वात कमी असतं, लक्ष लागत नाही, चुका होतात. या दोन्ही गोष्टी कुठल्याही काळातल्या, कुठल्याही माणसाला लागू आहेत. तिसरी गोष्ट जेट लॅग. तो तेव्हाच होतो, जेव्हा आतलं घड्याळ एका गावाचं असतं आणि सूर्य दुसऱ्या गावाचा. त्यासाठी पूर्व-पश्चिम अंतर इतक्या वेगाने कापावं लागतं की घड्याळाला सरकायला वेळच मिळत नाही. हे घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं, पश्चिमेकडे जाताना थोडं जास्त.

पन्हाळ्यापासून विशाळगड पश्चिमेलाच आहे. पण दोन्ही ठिकाणांच्या रेखांशात इतका कमी फरक आहे की विशाळगडावर सूर्य जेमतेम दीड मिनिट उशिरा उगवतो. तेव्हा जेट लॅग नाही. जागरणाचं ओझं आणि पहाटेचा खड्डा मात्र दोन्ही, आणि भरपूर.

हा फरक निव्वळ शब्दांचा खेळ वाटत असेल तर एक प्रयोग सांगतो. १९६०च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्यातल्या हॉटी आणि ॲडम्स या संशोधकांनी माणसांना लांबच्या विमानप्रवासाला पाठवलं. काहींना पश्चिमेला मनिलाला, काहींना पूर्वेला रोमला, आणि तुलनेसाठी काहींना सरळ दक्षिणेला, चिलीमधल्या सान्तियागोला. दक्षिणेला गेलेलेही दमले होते, पण त्यांच्या शरीराची लय जागची हलली नव्हती. पूर्व-पश्चिम गेलेल्यांची लय विस्कटली आणि जुळायला दिवस लागले. लांब प्रवासाचा शिणवटा वेगळा आणि घड्याळ चुकणं वेगळं, हे त्यातून स्पष्ट झालं. पन्हाळा ते विशाळगड हा प्रवास सान्तियागोच्या जातीचा आहे.

आता त्या रात्रीकडे नीट बघू. नोव्हेंबर १६५९ मध्ये अफझलखानाच्या वधानंतर लगोलग पन्हाळा स्वराज्यात आला. पुढच्या मार्चमध्ये महाराज गडावर आले आणि सिद्दी जौहरचा वेढा पडला. तो पावसाळ्यातही उठला नाही. आषाढातल्या पौर्णिमेच्या रात्री महाराज पालखीतून गडाबाहेर पडले, परंपरेनुसार सोबत सहाशे मावळे होते. दुसऱ्या दिवशी गजापूरच्या घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे पाठलाग करणाऱ्यांना अडवून उभे राहिले आणि तिथेच पडले. महाराज विशाळगडाशी पोहोचले तेव्हा त्याच्या पायथ्यालाही सुर्वे आणि दळवी यांचा वेढा होता, म्हणजे शेवटीही लढूनच वर जायचं होतं. हे सगळं शाळेपासून आपल्याला पाठ आहे. प्रश्न असा की 'वेळ' या दृष्टीने यातलं काय काय आपल्या हाती लागतं?

लोकप्रिय पुस्तकांत 'रात्री दहा वाजता निघाले' असं वाचलं असेल. कुणाच्या घड्याळात दहा? त्या काळी वेळ मोजायची ती घटिका आणि प्रहरांनी. पाण्यात सोडलेलं भोकाचं घटिकापात्र बुडायला लागतो तो काळ म्हणजे एक घटिका, आपली चोवीस मिनिटं. दिवसाचे चार प्रहर आणि रात्रीचे चार. जुलैमध्ये पन्हाळ्यावर रात्र सुमारे अकरा तासांची असते, म्हणून रात्रीचा प्रहर पावणेतीन तासांचा भरतो, तीनचा नाही. शिवाय आपलं आजचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावरचं. पन्हाळ्यावरचा सूर्य त्याच्या तेहतीस मिनिटं मागे चालतो. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली आणि मुंबई शहराने तर आपला 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडला नाही. तेव्हा १६६० मधल्या घटनेला 'रात्री दहा' म्हणणं म्हणजे नंतरच्या कुणीतरी केलेलं रूपांतर. रूपांतर करायला हरकत नाही, पण ते आपण केलंय हे वहीत लिहून ठेवा.

तारखेचं तर त्याहून मजेशीर आहे. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो. आदिलशाही दरबाराच्या हिजरी पद्धतीत तारीख सूर्यास्तालाच बदलते. राजापूरचे इंग्रज मध्यरात्री बदलायचे. महाराज निघाले त्या एकाच रात्रीत तीन वेगवेगळ्या क्षणी 'उद्या' उजाडला! म्हणून एका साधनात पौर्णिमा आणि दुसऱ्यात वद्य प्रतिपदा दिसली की लगेच 'विसंगती' म्हणून ओरडू नका. आधी विचारा, हा लेखक दिवस कुठून मोजतो?

आणि आपण जी १२ जुलै १६६० ही तारीख सांगतो, ती इंग्रजांच्या तेव्हाच्या जुन्या म्हणजे ज्युलियन कॅलेंडरची. आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरने तो दिवस २२ जुलै येतो. दहा दिवसांचा फरक. पडताळा घ्यायचा असेल तर चंद्राचा घ्या: आधुनिक गणिताने मागे मोजत गेलं तर पूर्ण चंद्र २२ जुलैलाच येतो. ग्रेगोरियन १२ जुलैला पंचमी-षष्ठीचा चंद्र होता, मध्यरात्रीच्या आत मावळणारा. शिवजयंतीच्या १९ फेब्रुवारी आणि १ मार्चचा घोळही नेमका हाच आहे. 'रात्रीच्या वाटेवर उजेड किती होता' असा प्रश्न विचारताना हे दहा दिवस विसरलात तर पौर्णिमेच्या जागी सहा दिवसांचा चंद्र येईल.

ढगांमुळे उजेड किती पडला असेल ते वेगळं. आषाढात पन्हाळ्यावर धुकं इतकं असतं की पौर्णिमा असूनही समोरचा माणूस दिसत नाही. आम्हाला चंद्राचा गोळा दिसला नाही, पण पठार पूर्ण काळोखातही नव्हतं. दुधात पाणी घातल्यासारखा एक उजेड होता. एवढं निरीक्षण मी अजूनही ग्राह्य धरतो, कारण त्यासाठी माझं घड्याळ जुळलेलं असायची गरज नव्हती.

शरीराबद्दलचं निरीक्षण मात्र बाद. समजा पहिल्या-दुसऱ्या प्रहरात निघालेला माणूस त्या दिवशी सकाळी नेहमीसारखा उठला होता. मसाई पठार ओलांडून पुढच्या जंगलात उतरेपर्यंत त्याचं वीस-एकवीस तासांचं जागरण झालेलं असणार आणि नेमका तेव्हाच पहाटेचा खड्डा. ओझं आणि घड्याळ दोन्ही एकाच बाजूला ओढणारे. डॉसन आणि रीड यांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये दाखवलं की सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची कामातली अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, चोवीस तासांनी ०.१० टक्क्याइतकी. हा आकडा प्रयोगशाळेतल्या, जिवाला धोका नसलेल्या माणसांचा आहे. तो जशाच्या तसा घोडखिंडीला चिकटवू नका. मागे शत्रू असताना शरीर वेगळं वागतं. पण खिंडीत उभे राहिलेले लोक रात्रभर चालून आलेले होते, आणि तिथे पोहोचल्यावर विसावा घ्यायच्या ऐवजी त्यांची लढाई सुरू झाली, एवढं या आकड्यावरून नीट उमगतं. शौर्याच्या वर्णनात हा भाग आपण 'अविश्रांत' या एका विशेषणात उरकतो.

इथे आपल्या ट्रेकबद्दल एक तक्रार. दर पावसाळ्यात शेकडो मुलंमुली पन्हाळा ते पावनखिंड चालतात, मीही दोनदा गेलोय. सकाळी निघायचं, मसाई पठार, मग वाड्यावस्त्या, करपेवाडी किंवा आंबेवाडीला गरम भात-आमटी आणि झोप, दुसऱ्या दिवशी पांढरपाणी आणि खिंड. सुंदर ट्रेक आहे, जरूर करा. पण 'आम्ही तीच वाट चाललो' म्हणताना लक्षात ठेवा की वाट तीच आहे आणि वेळ नेमकी उलटी. जे दोन भाग सगळ्यात अवघड, म्हणजे रात्र आणि पहाट, ते आपण सतरंजीवर घालवतो.

वाटेतल्या माणसांमध्ये मला जास्त रस आहे तो भोयांमध्ये. पालखीतल्या माणसाला निदान पाठ टेकता येते. खांद्यावर दांडी घेतलेल्याला चिखलात पाय कुठे पडतो हे बघावं लागतं, दुसऱ्या भोयाच्या पावलाशी पाऊल जुळवावं लागतं, आणि हे सगळं पहाटे चारला. पुढे कंपनी सरकारच्या काळात गोरे साहेब उन्हाचा त्रास नको म्हणून पालखीच्या डाकेने रात्रीच प्रवास करायचे. मशालवाला पुढे, टप्प्याटप्प्यावर बदलणारे भोई, आणि आत साहेब झोपलेला. साहेबांच्या प्रवासवर्णनांत आपली झोप मोडल्याची तक्रार हमखास असते, भोयांच्या झोपेबद्दल क्वचितच काही. जो झोपला त्याने लिहिलं, जो जागा राहिला त्याने नाही. आज विमानवाहतुकीच्या नियमांत रात्री २ ते ६ हा काळ वैमानिकांसाठी शरीराच्या घड्याळाचा सर्वात खालचा टप्पा म्हणून वेगळा मोजतात आणि त्या वेळच्या ड्युटीवर बंधनं घालतात. मागच्या सीटवर डोळ्यांवर पट्टी लावून आपण झोपतो तेव्हा पालखी कुणीतरी वाहतच असतं.

मग जेट लॅगचा जन्म कधीचा? इथे पन्हाळा सोडून बोटीत बसू. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली युरोपला गेले. त्यांची इंग्रजी रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून १८७२ मध्ये प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये ३० नोव्हेंबर १८७० ला, जेमतेम विशीत, त्यांचं निधन झालं. आर्नो नदीकाठी त्यांची छत्री आजही आहे. त्या काळी मुंबई आणि ग्रीनिचच्या स्थानिक वेळेत ४ तास ५१ मिनिटांचा फरक होता आणि इंग्लंडला पोहोचायला महिनाभर लागायचा. भागाकार करा: दिवसाला दहा मिनिटं. शरीर हे सहज पचवतं. आनंदीबाई जोशींचं उदाहरण त्याहून मोठं. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्ता सोडलं, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. दोन्ही शहरांच्या वेळेत पावणेअकरा तासांहून थोडा जास्त फरक, पण प्रवास अठ्ठावन्न दिवसांचा. म्हणजे दिवसाला अकरा मिनिटं. बोट लागणं, थंडी, अन्नाचे हाल, एकटेपणा हे सगळं त्यांच्या वाट्याला आलं असेल, पण जेट लॅग नाही. (डॉक्टर झाल्यावर त्यांची नेमणूक कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागावर झाली होती. तब्येतीने ते काम होऊ दिलं नाही.)

पहिला ज्ञात माणूस, ज्याने वेळ बदलण्याचा त्रास आधीच ओळखून तयारी केली, तो बहुधा वायली पोस्ट. या एकाक्ष अमेरिकन वैमानिकाने १९३१ मध्ये हॅरॉल्ड गॅटीबरोबर पावणेनऊ दिवसांच्या आतच पृथ्वीप्रदक्षिणा केली. निघण्याआधी त्याने ठरलेल्या वेळी झोपायची सवय मुद्दाम मोडली होती. आपल्याकडे एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' ८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनला निघालं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत. ते पंख्याचं विमान. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोईंग ७०७ आलं आणि जेटचा वेग सुरू झाला, पन्हाळ्याच्या रात्रीनंतर बरोब्बर तीनशे वर्षांनी. 'जेट लॅग' हा शब्द अमेरिकन वर्तमानपत्रांत १९६०च्या दशकातच दिसू लागतो. आज मुंबईहून लंडनला नऊ-दहा तासांत आपण घड्याळ साडेचार तास मागे टाकतो. राजाराम महाराजांना दिवसाला दहा मिनिटं, आपल्याला दर तासाला सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटं.

थोडक्यात, या त्रासाला जन्मतारीख आहे. ती माहीत नसताना मागच्या माणसांवर तो लादला तर कालविपर्यास होतो. उलट चूकही होते बरं का. 'पूर्वीचे लोक निसर्गाच्या लयीत जगायचे, त्यांना झोपेचे प्रश्नच नव्हते' हे वाक्य मी परिसंवादांत अनेकदा ऐकलंय. रॉजर एकिर्च यांनी २००५ च्या 'ॲट डेज क्लोज' या पुस्तकात युरोपात लोक रात्री दोन हप्त्यांत झोपायचे असं पुराव्यांनिशी मांडलं. मग २०१५ मध्ये टांझानिया, नामिबिया आणि बोलिव्हियातल्या वीज नसलेल्या समाजांचा अभ्यास आला. ते लोक साधारण एकाच हप्त्यात झोपतात, तेही सहा-सात तासच. यातलं सोयीचं ते उचलून मावळ्यांवर चिकटवायचा मोह मलाही झाला होता. रोपलावणीच्या दिवसांतल्या वाडीत दोन रात्री काढल्यावर तो गेला. तिथली झोप पाऊस, जनावरं आणि पहाटेचं काम ठरवतं.

आता माझी दुसरी चूक, आणि ही जास्त महागात पडली. पहिल्यांदा लंडनला गेलो तेव्हा पैसे मोजके, दिवस मोजके. उतरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी वाचनकक्षात जाऊन बसलो. पहाटे तीनला जाग आलेली, म्हणजे आपल्याकडचे साडेसात. दुपारी चारला, कोल्हापूरच्या रात्री साडेआठला, डोकं जड झालं आणि तसाच रेटत राहिलो. त्या तासात एका इंग्रजी पत्राची तारीख मी 'फेब्रुवारी १६६०' अशी उतरवून घेतली आणि वेढ्याच्या आधीच्या कागदांत टाकली. इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून त्यांचा फेब्रुवारी १६६० म्हणजे आपला फेब्रुवारी १६६१, वेढा उठून महाराज विशाळगडावरून निघून गेल्यानंतरचा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. निघायच्या आधी ज्युनिअर मुलांना मीच समजावून सांगितलं होतं! पण त्या वेळी ते आठवलं नाही. आठ महिने माझ्या प्रकरणात कारण आणि परिणाम उलटे उभे होते. मार्गदर्शकांनी पान वाचून एवढंच विचारलं, "हे पत्र लिहिणाऱ्याला वेढा पडणार हे स्वप्नात कळलं होतं का?"

तेव्हापासून काय करतो ते सांगतो. पहिले दोन दिवस वाचनकक्षात जातो, पण फक्त नाव नोंदवणं, याद्या बघणं, कागद मागवणं, परवानगी असेल तर फोटो काढणं. तारखा ठरवणं, मोडी किंवा जुनं हस्ताक्षर लावणं, निष्कर्ष काढणं हे चौथ्या दिवसापासून. तारीख आधी जशी लिहिलीय तशीच उतरवायची, रूपांतर शेजारच्या रकान्यात. आणि प्रत्येक पानाच्या समासात 'उतरल्यापासून किती तास' हे लिहायचं. हसू येईल, पण नंतर तपासताना कुठल्या पानांवर भरवसा ठेवायचा नाही हे लगेच कळतं.

झोपेसाठी सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे उजेड, आणि तो कधी घ्यायचा यावर सगळं अवलंबून आहे. शरीराच्या सर्वात खालच्या बिंदूच्या आधी, म्हणजे रात्रीच्या पूर्वार्धात मिळालेला उजेड घड्याळ मागे ढकलतो, त्या बिंदूनंतरचा पुढे ओढतो. लंडनला जाताना घड्याळ मागे न्यायचंय, म्हणून संध्याकाळी उशिरापर्यंत बाहेर फिरायचं आणि पहाटे लवकर जाग आली तरी पडदे बंद ठेवायचे. येताना उलट, आणि इथे बहुतेकजण फसतात. सकाळी सातला मुंबईत उतरलं की वाटतं, चला, ऊन घेऊ. पण तेव्हा लंडनच्या शरीराला रात्रीचे अडीच वाजलेले असतात. तो उजेड घड्याळ आणखी मागे ढकलतो. पहिल्या दिवशी साडेनऊ-दहापर्यंत गॉगल लावून सावलीत राहायचं, मग मात्र भरपूर उन्हात. पश्चिमेपेक्षा पूर्वेचा प्रवास जास्त जड जातो, कारण आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब आहे आणि त्याला लांबणं आवडतं, आखडणं नाही. चहा-कॉफी त्या गावच्या दुपारनंतर बंद, दिवसा झोप अनावर झालीच तर गजर लावून वीस मिनिटं. मेलाटोनिनच्या गोळ्या वगैरे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि परीक्षेच्या किंवा सादरीकरणाच्या दिवशी पहिल्यांदा तर अजिबात नको.

राहिली ती वहीतली नोंद. मी ती खोडली नाही, शेजारी लाल शाईने 'उतरल्यापासून ४३ तास' लिहिलं आणि पुढच्या आषाढात परत गेलो. या वेळी सहा महिने घरीच होतो, घड्याळ कोल्हापूरचं. तेच मामा. राजदिंडीतून उतरलो, पठार ओलांडलं, जंगलात शिरलो. त्या रात्रीची शेवटची नोंद ३:४० ची आहे: 'पाय चालतात. डोकं नाही. मित्राने काय विचारलं ते' आणि पुढे नुसती पेनाची रेघ, वाक्य पुरंच झालेलं नाही.

मामा खणखणीत होते. पुढे जाऊन थांबायचे, बॅटरी दाखवायचे, परत चालू पडायचे. मी विचारलं, "मामा, गेल्या साली तर तुम्ही दोनलाच बसला होता."

"गेल्या साली दिसभर लावण केलती की. तुमी ऐनवेळी सांगितलासा." मग माझ्याकडे बॅटरी धरून म्हणाले, "औंदा दुपारी जेवून चार तास निवांत झोपलो. रातचं चालायचं म्हटल्यावर दुपारी झोपाय नगं?"

वेढ्यातल्या गडावर, निघायचं ठरलेल्या दिवशी, दुपारी काय चाललं असेल, हा प्रश्न मी तोवर एकदाही वहीत लिहिला नव्हता. पहाटे कुठल्याशा वाडीत चहा झाल्यावर आधी तो लिहिला आणि मग झोपलो.